समुद्री चाच्यांचा भाग सातवा

पुस्तक मी हरवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुस्तक माझ्या कार्डावर हरवलं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो वाचनालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या मॅडम सोडून सगळ्या जगाला कळतो.

पुस्तक म्हणजे मांगा. मांगा म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायची चित्रकथा. एकूण अकरा भाग. गोष्ट अशी की एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, केस कापते, मुलाचा वेष करते आणि समुद्री चाच्यांच्या गलबतावर पोऱ्या म्हणून नोकरीला लागते. गलबताचा कप्तान एका डोळ्याने आंधळा आणि, माझ्या मते, उरलेल्या डोळ्याचाही फारसा उपयोग न करणारा. कारण सहा भाग ती मुलगी त्याच्यासमोर वावरते, त्याचे बूट पुसते, त्याच्यावरचा तलवारीचा वार स्वतःच्या खांद्यावर घेते, चंद्राकडे बघून पान-पानभर उसासे टाकते, आणि हा गृहस्थ तिला एवढंच म्हणतो, "पोरा, दोर ओढ." सहाव्या भागाच्या शेवटच्या पानावर वाऱ्याने तिची टोपी उडते. कप्तान वळून बघतो. पुढे काय झालं ते सातव्या भागात.

तो सातवा भाग गेला.

आमच्या इमारतीत वाचनालयाचं कार्ड फक्त माझ्याकडे आहे. पाय मोडून घरात बसलेल्या आत्यासाठी मी पहिला भाग आणला, आणि महिन्याभरात चाचेगिरीचं व्यसन जिन्याने खाली उतरलं. मग क्रमच ठरून गेला. आधी आत्या, मग तळमजल्यावरचे टेलरकाका, मग समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमास्तर, आणि सगळ्यात शेवटी मी. मी शेवटी का, तर मी पुस्तक आणणारा. पाणी भरणाऱ्याला तहान नसते, असा आमच्याकडे एक समज आहे. त्यामुळे सातवा भाग हरवला तेव्हा आमच्या वाचकांपैकी तो वाचलेला नसलेला एकमेव इसम मी होतो, आणि तो परत करण्याची जबाबदारी असलेला एकमेव इसमही मीच.

मी चौकशी केली. आत्या म्हणाली, टेलरकाकांना दिलं. टेलरकाका म्हणाले, पोस्टमास्तरांना दिलं. पोस्टमास्तर म्हणाले, वाचून झाल्यावर आत्याबाईंकडे परत दिलं, त्यांना एक पान पुन्हा बघायचं होतं. आत्या म्हणाली, बघितलं आणि टेलरकाकांना दिलं. म्हणजे पुस्तक गोल गोल फिरत होतं आणि तरी कुठेच नव्हतं. तिघांच्याही चेहऱ्यावर कमालीची निरागसता होती. एकाच्याच चेहऱ्यावर असती तर मी त्याला पकडलं असतं.

एरवी मी हे सोडून दिलं असतं. पण दोन वर्षं परीक्षा आणि मुलाखती देऊन मला नकाशा कार्यालयात आरेखकाची नोकरी लागली होती. आरेखक म्हणजे नकाशे आणि आराखडे काढणारा. रुजू होण्यासाठी अकरा कागद हवे होते आणि नववा कागद होता सार्वजनिक वाचनालयाचा 'यांच्याकडे एकही पुस्तक शिल्लक नाही' असा दाखला. वाचनालयाचा का, ते विचारायचं नसतं. मुदत वीस दिवस. न दिल्यास जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. तो उमेदवार एकदा येऊन माझ्या तब्येतीची चौकशीही करून गेला. "अजून ठणठणीत दिसताय," असं म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

मी वाचनालयात गेलो.

"सातवा भाग हरवलाय," मी मॅडमना म्हणालो.

"तुम्ही हरवलात."

"माझ्या कार्डावर हरवला."

"कार्ड चालत गेलं होतं का?" मॅडमनी विचारलं आणि नियमावली माझ्याकडे फिरवली. नियम चौदा. हरवलेल्या पुस्तकाच्या जागी सभासदाने तेच पुस्तक आणून द्यावे. त्याशिवाय दाखला नाही. नियम पंधरा. मालिकेतला आधीचा भाग जमा झाल्याशिवाय पुढचा मिळणार नाही. म्हणजे सगळ्या इमारतीचा आठवा भागही माझ्यापायी अडकला.

"ते कुठे मिळत नाही, मॅडम. प्रकाशनच बंद पडलं. तीन दुकानदारांना विचारलं."

"नियमात 'मिळत असल्यास' असं लिहिलेलं नाही."

"दुसरं कुठलं पुस्तक दिलं तर?"

"तेच," मॅडम म्हणाल्या. त्यांच्यामागे फळीवर सहावा आणि आठवा भाग एकमेकांना टेकून उभे होते, आणि मधल्या फटीत मॅडमनी पुठ्ठ्याचा तुकडा खोचला होता. त्यावर माझं नाव होतं. पूर्ण नाव.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. आत्या पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काढ की तू. चित्रंच तर आहेत. तीन वर्षं डिप्लोमा केलास तो काय ड्रॉइंग बोर्ड पुसायला?"

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मला माणसं काढता येत नाहीत. मला गटारं काढता येतात. गटारं, पूल, पाण्याच्या टाक्या, आणि समोरून, बाजूने, वरून असे तिन्ही बाजूंनी जिने. डिप्लोमाच्या तीन वर्षांत आम्हाला माणूस एकदाच शिकवला, तोही जिन्याची उंची कळावी म्हणून त्याच्या शेजारी उभा करायला.

पण पुठ्ठ्यावरचं माझं पूर्ण नाव डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचनालयात गेलो.

"मॅडम, हाताने काढलेलं चालेल?"

मॅडमनी नियम चौदा परत वाचला. बोट ठेवून, शब्द शब्द. "'छापील' असा शब्द नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण पुस्तक तेच पाहिजे."

एकशे ब्याण्णव पानं. उरलेले अठरा दिवस. रोज अकरा पानं. मी ड्रॉइंग बोर्ड खिडकीजवळ लावला, टी-स्क्वेअर नावाची लांब पट्टी पुसली आणि पहिल्याच सकाळी माझ्या नायिकेला जन्म दिला. जिन्याशेजारी. पहिली चार पानं ती जिन्याशेजारीच उभी आहे. जिना मात्र उत्तम आलाय.

सगळ्यांची डोकी मी कंपासने काढली. आत्या म्हणाली, "अरे, माणसाचं डोकं इतकं गोल नसतं." मी म्हणालो, "मग कसं असतं ते सूत्र सांग." गलबत मात्र मी असं काढलं की कुणी उद्या ते बांधायला घेतलं तर सुताराला एक प्रश्न विचारावा लागू नये. डोलकाठीची उंची, नांगराचं वजन, प्रत्येक फळीची जाडी, सगळं आकड्यांत. समुद्र नकाशात पाण्यासाठी मारतात तशा रेघांनी भरला. पानाच्या खालच्या कोपऱ्यात चौकट: 'प्रमाण १:२०. रेखाटले. तपासले.' 'तपासले' पुढे टेलरकाका सही करायचे. त्यांना सही करायची हौस होती आणि बिलाशिवाय कुठे संधी मिळत नव्हती.

टेलरकाका मला 'इंजिनिअर' म्हणतात. लोक लंगड्या घोड्याला 'वारा' म्हणतात त्या सुरात. तिसऱ्या दिवशी ते वर आले, बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाले, "इंजिनिअर, हिच्या अंगावर कपडे आहेत की खोकं?"

"जॅकेट आहे."

"याला जॅकेट म्हणतात? खांदा कुठाय? समोर माणूस उभा करून काढ. मी कपडे शिवतो."

ते खरंच शिवून घेऊन आले. आता प्रश्न, घालायचे कुणी? कप्तान व्हायला पोस्टमास्तर एका पायावर तयार होते. नायिका मिळेना. इमारतीत त्या वयाचा मीच एक होतो. म्हणून मी, जन्माने मुलगा, मुलाचा वेष घेतलेल्या मुलीचा वेष घेऊन आरशासमोर उभा राहिलो. टेलरकाकांनी चारी बाजूंनी फिरून मला बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "यात मुलगी दिसतच नाही."

"पण काका, दिसायलाच नको आहे ना! वेषांतर आहे."

"ते खरं. पण लपलेली तरी दिसायला पाहिजे."

"मुलगा तरी दिसतो का?" मी विचारलं.

टेलरकाकांनी गळ्यातली टेप सरळ केली आणि विषय बदलला.

पोस्टमास्तरांनी चष्म्यावरूनच काळी पट्टी बांधली, कारण चष्मा काढला तर त्यांना कुठलाच डोळा कामाचा राहत नाही. ते स्टुलावर उभे राहायचे आणि "पोरा, दोर ओढ!" असं ओरडायचे. दोर म्हणून मी इस्त्रीची वायर ओढायचो. आईची इस्त्री बंद पडायची. आई म्हणायची, "तुमचं गलबत बुडालं तरी चालेल, पण ह्यांचा शर्ट मला साडेनऊपर्यंत हवाय."

असं करत, टोपी अजून हवेतच ठेवून, सत्तर पानं झाली. आणि मग मूळ अडचण समोर आली. टोपी उडाल्यावर होतं काय? मी तर वाचलेलं नाही. वाचलेल्या मंडळींना एका खोलीत बसवलं.

"वादळ होतं," आत्या म्हणाली. "ती समुद्रात पडते. तो उडी मारतो. दोघं फळीला धरून तरंगत असतात, आणि ती स्वतःच सांगते, मी मुलगी आहे म्हणून. माझ्या अंगावर काटा आला होता."

"मग?"

"मग काय, तो तिला जवळ घेतो."

"किती जवळ?" मी पेन्सिल उचलून विचारलं. मला माप हवं होतं.

"वन्सं," इस्त्री करता करता आई म्हणाली, "मुलगा ऐकतोय."

"मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, वहिनी. आणि काढायचंय त्यालाच."

"वादळबिदळ काही नाही," टेलरकाका म्हणाले. "बटणं! पुरुषांच्या कपड्याला बटणं उजवीकडे असतात, बायकांच्या डावीकडे. कप्तान थंडीत तिचं जॅकेट अंगावर घेतो, हात बटणाकडे जातो, आणि बटण उलट्या बाजूला. तिने स्वतः शिवलेलं ना ते! तिथेच त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. मी तर पहिल्याच भागात ओळखलं होतं. कप्तान जर टेलर असता, तर मालिका एका भागात आटपली असती."

"तुम्ही दोघंही चुकताय," पोस्टमास्तर म्हणाले. "सातव्यात ते दोघं सुरुवातीलाच एकमेकांच्या मिठीत असतात. मग हळूहळू दुरावा येतो. शेवटी ती टोपी घालते आणि तो तिला 'पोरा' म्हणायला लागतो. फार करुण."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"मास्तर," मी जपून विचारलं, "तुम्ही पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचता?"

"मग काय डोक्यावर उभा राहून वाचू? पस्तीस वर्षं पत्ते डावीकडूनच वाचले."

"सातही भाग?"

"सातही. सुखी जोडप्याची गोष्ट आहे. मन उडत जातं, ओळख पुसत जाते, पण प्रत्येक भागाच्या शेवटी ती एकटी उभी असते आणि तिच्या हातात काम असतं. तिला नोकरी लागते." त्यांनी चष्म्यावरची पट्टी वर केली. "तुला लागली का?"

हे लागलं. पण मी निर्धार सोडला नाही.

"त्याला पहिल्यापासून माहीत असतं," आई एकदम म्हणाली. तिने एकही भाग वाचलेला नव्हता. इस्त्री करताना नुसतं ऐकलं होतं.

"कशावरून?"

"तुझ्या बाबांना कपाटात समोर टांगलेला पांढरा शर्ट सत्तावीस वर्षं दिसत नाही. खरंच दिसत नाही असं वाटतं तुला? दिसला तर स्वतः काढून घ्यावा लागेल, म्हणून दिसत नाही. कप्तानाचं तेच. कळलं असं कबूल केलं, तर पुढे बोलावं लागेल."

चार साक्षी, चार सातवे भाग. एकाचं घेतलं असतं तर बाकीच्यांनी आयुष्यभर जिन्यात तोंड फिरवलं असतं. दोन दिवस मी पट्टी हातात धरून विचार केला, आणि मग पान शहाण्णव आणि सत्त्याण्णव मिळून एक मोठं चित्र केलं. पुस्तकाच्या बरोब्बर मध्यावर. म्हणजे उजवीकडून वाचा नाहीतर मास्तरांसारखं डावीकडून, अर्ध्या वाटेत सत्य उघडं पडणारच. त्या चित्रात वादळ आहे, फळी आहे, नायिका "मी मुलगी आहे!" असं ओरडतेय, कप्तानाचा हात तिच्या जॅकेटच्या डाव्या बाजूच्या बटणावर थबकलाय आणि त्याच्या तोंडून निघतंय, "मला पहिल्यापासून माहीत होतं."

चुंबनाचा आग्रह आत्याचा. पुढच्याच पानावर. आई खोलीत होती म्हणून मी ते छेददृश्यात काढलं, म्हणजे वस्तू मधोमध कापल्यावर दिसेल तसं. दोन वर्तुळं एकमेकांना एकाच बिंदूत स्पर्श करतात. त्या बिंदूला मी 'प' असं नाव दिलं. आत्याने ते पान बराच वेळ हातात धरलं. "कोरडं आहे," ती म्हणाली, "पण चूक काढायला जागा नाही."

विसाव्या दिवशी सकाळी शेवटचं पान संपलं. टेलरकाकांनी जाड दोऱ्याने पुस्तक शिवलं, निळ्या कापडाची बांधणी केली आणि सवयीने आत साइझची चिठ्ठी लावली. साडेअकराला मी वाचनालयात होतो. एकटा जाणार होतो. पण आत्या वॉकर घेऊन, टेलरकाका टेप घेऊन आणि मास्तर पट्टी खिशात घालून सोबत आले. आठवा भाग लगेच घेता यावा म्हणून.

मॅडमनी पुस्तक उलटंपालटं केलं. "तेच आहे कशावरून?"

"आम्ही वाचलंय ना मूळ!" तिघं एका सुरात म्हणाले.

"छान. तुमचे सभासद क्रमांक?"

तिघंही काउंटरपासून एक पाऊल मागे सरकले.

"सभासद नाही? मग वाचलंत कसं? नियम नऊ. दुसऱ्याला वाचायला देणं हा गुन्हा आहे." मॅडमची नजर माझ्याकडे वळली. कार्ड रद्द, दाखला रद्द, आणि प्रतीक्षा यादीतला तो उमेदवार नवा शर्ट घालून नकाशा कार्यालयाच्या पायऱ्या चढतोय, हे सगळं मला त्या नजरेत दिसलं.

"उलट वाचलं तर ते वाचणं धरतात का?" मास्तरांनी विचारलं.

"मी अर्धवटच वाचलंय," टेलरकाका म्हणाले. "फक्त कपडे बघितले."

"मी तर आजारी होते," आत्या म्हणाली आणि वॉकरवर वाकली.

मॅडमनी तिघांना बाहेरचा बाक दाखवला. "साक्षीदार नाहीत म्हटल्यावर मलाच पडताळावं लागेल." त्यांनी काउंटरवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली आणि पहिलं पान उघडलं. उजवीकडून. मी काही न सांगता. तिथेच मला त्यांच्याबद्दल जरा आदर वाटायला लागला.

बारा वाजले. एक वाजला. काउंटरसमोर रांग लागली. पाटी हलली नाही. मॅडम पान उलटायच्या, कधी दोन पानं मागे जायच्या. नकाशा कार्यालय पाचला बंद होतं आणि तिथे पोचायला पाऊण तास लागतो. दोनला मॅडमनी मान वर न करता म्हटलं, "पान सत्तरवर शिडी डावीकडे आहे, एकाहत्तरवर उजवीकडे."

"एकाहत्तर हे मागून दिसणारं दृश्य आहे, मॅडम."

"हं."

अडीचला: "तिचा भाऊ सापडतो का?"

"पुढच्या कुठल्यातरी भागात असेल. मी वाचलेला नाही."

"मीही नाही," मॅडम म्हणाल्या. "इथे बसून वाचायचं नसतं. नियम एकवीस, कर्मचाऱ्यांसाठी." आणि पुन्हा वाचायला लागल्या.

चारला त्यांनी पुस्तक मिटलं. एक बोट आत तसंच राहिलं होतं. मी वाकून बघितलं. पान शहाण्णव.

"हे तेच पुस्तक नाही," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"सगळ्यांची डोकी गोल आहेत. जगातल्या कुठल्याही प्रकाशकाने हे छापलं नसतं." त्यांनी मागे वळून फळीवरच्या फटीकडे पाहिलं, मग बोटाकडे. मग खालचा ड्रॉवर उघडून एक लांबडी वही काढली. तिच्यावर लिहिलं होतं, 'पुस्तक दुरुस्ती'. "फाटलेली पानं आपण बदलतो. पुस्तक तेच राहतं, क्रमांक तोच राहतो. किती पानं बदलायची याला मर्यादा घातलेली नाही. बघितलं मी."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'भाग सातवा. पाने १ ते १९२ बदलली. मुखपृष्ठ बदलले. शिवण नवी. बाकी पुस्तक जुनेच.'

"बाकी काय राहिलं, मॅडम?" मी न राहवून विचारलं.

"क्रमांक," मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारला. "दाखला हवाय की वाद घालायचाय?"

मी दाखला घेतला आणि पळालो. पाचला दहा मिनिटं असताना नकाशा कार्यालयातल्या बाबूंनी अकराही कागद मोजले, नववा उजेडासमोर धरला आणि "सोमवारी या" असं म्हणाले. प्रतीक्षा यादीतला उमेदवार बाकावर बसला होता. नवा शर्ट होताच. "तब्येत बरी आहे ना?" असं मी त्याला विचारलं. मला ते विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी आठवा भाग आणायला गेलो. या खेपेला पहिला वाचणार मी, हे घरी बजावून निघालो होतो, आणि आत्याने "बरं बरं" असं म्हणूनही टाकलं होतं. मॅडम काउंटरवर होत्या. आठवा भाग त्यांच्यासमोर उघडा होता. नियम एकवीसचं काय झालं ते विचारायचा मला धीर झाला नाही, कारण त्यांचा चेहरा घरात चोरी झालेल्या माणसासारखा होता.

त्यांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. पान एक. गलबत, स्वच्छ आकाश. वादळाचा मागमूस नाही. नायिकेच्या डोक्यावर टोपी व्यवस्थित बसलेली. शेजारी कप्तान, डोकं अजिबात गोल नाही. तो तिच्या पाठीवर थाप मारतोय आणि म्हणतोय, "शाब्बास पोरा! दोर ओढ."

मी पुढची पानं चाळली. पोरा. पोरा. पोरा. पान चाळीसपर्यंत सतरा वेळा. म्हणजे सातव्या भागात त्याला काही कळलंच नव्हतं. वादळ नव्हतं, बटण नव्हतं, फळी नव्हती. आमच्या इमारतीतल्या वाचलेल्या तिघांनी आणि न वाचलेल्या आईने आपापल्या मनातलं पुस्तक मला सांगितलं होतं, आणि मी ते प्रमाणात काढलं होतं.

"म्हणजे माझ्या सातव्यात चूक झाली," मी म्हणालो. दाखला कार्यालयात पोचला होता, पण मॅडमची सही त्याच्यावर होती. "मी तो परत नेतो. शहाण्णव-सत्त्याण्णव खोडतो. सोमवारच्या आत..."

"हात लावायचा नाही," मॅडम म्हणाल्या. सातवा भाग त्यांनी काउंटरवरून उचलून मांडीवर घेतला. "सातवा दुरुस्त झालेला आहे. नोंद झाली आहे. काल संध्याकाळपासून चार जणांनी मागितला. त्यातल्या एका आजोबांनी इथे उभ्याने वाचला आणि शहाण्णववर खुर्ची मागितली."

"मग हा आठवा जुळत नाही, मॅडम."

"तेच म्हणतेय. आठवा चुकलेला आहे."

त्यांनी खालचा ड्रॉवर उघडला. लांबडी वही निघाली. पेनचं टोपण निघालं.

"किती पानं आहेत?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी," मी म्हणालो. मग जरा विचार करून म्हणालो, "गलबताची तशीच ठेवता आली असती, पण डोलकाठी तीन फूट आखूड आहे. सगळीच घ्या."

त्यांनी लिहिलं: 'भाग आठवा. पाने १ ते १८८ दुरुस्तीस. कारण:' आणि पेन थांबलं. मागे रांगेतल्या माणसाने घसा खाकरला. मॅडमनी 'जेवणाची सुट्टी' ही पाटी त्याच्याकडे फिरवली. सकाळचे साडेदहा झाले होते. मग त्यांनी लिहिलं: 'कप्तानाला अजून कळलेले नाही.'

"सोमवारपासून माझी नोकरी आहे," मी म्हणालो. "सकाळी ऑफिसच्या आधी तीन पानं होतील. रविवारी दहा. दोन महिने धरा."

"धरले," मॅडम म्हणाल्या आणि आठवा भाग, दोन्ही हातांनी, माझ्या हातात दिला.

"आणि नववा?"

मॅडमनी मागे वळून फळीवरच्या नवव्या भागाकडे पाहिलं. डोळे बारीक करून, बराच वेळ.

"वाचलेला नाही अजून," त्या म्हणाल्या. "पण मला त्याचं लक्षण काही ठीक दिसत नाही."